जावईबापूंची गाडी आणि माझी मांडी

१२ जानेवारी, रविवार

पतसंस्थेची डायरी दरवर्षी घरात येते आणि माळ्यावर जाते. ह्या वर्षी मी म्हणलं, द्या हिकडं. लिहायचं तर बोलते तसंच लिहिणार, शुद्धबिद्ध आपल्याला जमायचं न्हाय. कुणाला दाखवायचं न्हाय, त्यामुळं खरं तेच लिहिणार. कारण एकच हाय. घरात जावई आलेत, आणि जावयाला तोंडावर बोलता येत न्हाय. पोटात ठेवून ठेवून माझं पोट दुखायला लागलंय.

क्रांती, माझी एकुलती एक लेक, काल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा सरत आलाय. ह्याच्या आधी दोनदा आशा लागली आणि दोन्हीदा मावळली, त्यामुळं आम्ही सगळेच जीव मुठीत धरून हाय. सम्राटरावांनी तिला कबनूरहून आपल्या नव्या गाडीतनं आणलं. त्यांचे तिथं माग हायेत. माणूस कष्टाळू, तंबाखूची पुडी न्हाय, आवाज चढवणं न्हाय. मला 'मामी, मामी' म्हणून मान देतात. मग माझी तक्रार कसली? गाडीची!

मी वाडीहून दत्ताची वीतभर पितळी मूर्ती आणून ठेवलती, खास त्यांच्या गाडीसाठी. सकाळी हळदकुंकू लावून काचेमागच्या फळीवर डाव्या बाजूला चिकटवायला गेले, तर म्हणाले, "मामी, तिथं नको. धडक बसली तर तिथनं फुगा भाईर पडतोय. देव थेट मामांच्या तोंडावर यील."

मी म्हणलं, गाडीत फुगा कशाला, वाढदिवस हाय काय कुणाचा? क्रांती हसली. ते हसले न्हाईत. मूर्ती रुमालात गुंडाळून समोरच्या कप्प्यात ठेवली आणि झाकण लावून टाकलं. देवाला कोंडून घातलं की ओ! वर म्हणतात कसे, "आत बी देव देवच हाय की मामी."

तेवढ्यावर भागलं न्हाय. आमच्या ह्यांनी आपली स्टीलची बाटली पायाशी ठेवलती, ती बी सम्राटरावांनी उचलून दाराच्या खणात कोंबली. घरंगळत ब्रेकखाली गेली तर पाय दाबायचा कसा, म्हणं. आमच्या मालकांनी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत जन्म काढला, त्यांनी मान डोलावली. "बरोबर हाय पोराचं. सुटी वस्तू कुणाची पावणी न्हवं." सासरा-जावई एकाच माळेचे मणी.

२१ जानेवारी, मंगळवार

काल पहाटे क्रांतीच्या पोटात दुखायला लागलं. आठवा नुकता लागलाय. सम्राटराव कबनूरहून कसे आले ते त्यांनाच ठाऊक, पण आले. राजारामपुरीतल्या दवाखान्यात नेलं. दुपारी मुलगी झाली.

ओंजळीत मावंल एवढीशी. काचेच्या पेटीत ठेवलीय, नाकात नळी. मी काचेला हात लावून उभी राहिले. देवा, एवढं एक दे. मला दुसरं काय नको.

२४ जानेवारी, शुक्रवार

नर्सबाई म्हणाल्या, बाळ झुंजार हाय, आईचं दूध मिळालं पाहिजे, तेच औषध. त्या पोरीला माझं आयुष्य मिळू दे. ड्युटी संपली तरी पेटीपाशी थांबून मला समजावून सांगत होती. मी नाव विचारायचं विसरले, उद्या विचारते.

३० जानेवारी, गुरुवार

क्रांतीला घरी सोडलंय, बाळी तिथंच. टाके दुखतात म्हणून क्रांतीला सारखं जाता येत न्हाय. घरी दूध काढायचं, उकळलेल्या बाटल्यांत भरायचं, बर्फाच्या डब्यात ठेवून दवाखान्यात पोचवायचं. पोरगी रडत रडत थेंब थेंब काढते. पाऊण बाटली भरली तर घरात सण. सम्राटराव माग भावावर टाकून हितंच राहिलेत, दिवसातनं तीनदा खेप घालतात. मी डबा घेऊन मागं बसते.

आज काय झालं ते लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. ते डबा पुढच्या सीटमागं, पाय ठेवायच्या खोलगट जागेत घट्ट बसवून ठेवतात. मी बघितलं, बाळीचं दूध आणि माझ्या चपलांपाशी! अन्नाला पाय लागला तर आपण हात लावून डोळ्याला लावतो, आणि हे तर लेकराच्या तोंडचं. त्यांना बोलायची चोरी. त्यांची पाठ फिरली तसा मी डबा उचलला, शेजारी सीटवर ठेवला, वर हात ठेवला. आता पडतोय कसा?

कावळा नाक्याला एक रिक्षा आडवी घुसली. सम्राटरावांनी ब्रेक मारला. डबा माझ्या हाताखालनं निसटला, पुढच्या सीटवर आपटला आणि उलटा पडला. एक बाटली फुटली, एकीचं टोपण निघालं. पांढरं दूध गाडीभर.

मी तोंडाला पदर लावला. लेकीचं सकाळभरचं दुखणं मी सांडलं. सम्राटरावांनी गाडी कडेला घेतली. मला वाटलं, आता बोलतील. बोलावं की एकदा, माझं तरी मन हलकं झालं असतं! त्यांनी डबा सरळ केला, आत हात घालून बघितलं आणि म्हणाले, "एक बाटली वाचलीया मामी. चला, तेवढी तर पोचवूया." क्रांतीला घरी सांगितलं, रिक्षावाल्यामुळं सांडलं. माझं नाव घेतलं न्हाय.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज गाडीत बसायला गेले तर नवलच. पाय ठेवायच्या जागेत नवाकोरा लाकडी पाट. त्यावर धुतलेलं फडकं, त्यावर डबा, दोन्हीकडनं उशा खोचलेल्या. "मामी, चपला द्या, डिकीत ठेवतो," म्हणाले. मी अनवाणी बसले, पाय वर घेऊन.

गाडीत पाट कशाला, काय कळंना. ह्या माणसाची एकेक खुळं. पण डबा बरीक तसूभर हलला न्हाय, आणि पाट असला की माझ्या बी मनाला बरं वाटतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

बाळी घरी आली! घरी आली! दोन वेळा लिहिलं, तिसऱ्यांदा बी लिहीन. घरी आली!

नर्सबाईंना मी लुगडं नेसवलं. त्या नको नको म्हणत होत्या. डॉक्टरांच्या पाया पडायला गेले तर ते मागं सरकले. मी म्हणलं, वयाचं सोडा ओ, तुम्ही देवाच्या जागी हाय.

आणि गाडीतनं येताना बाळी माझ्या मांडीवर. क्रांती शेजारी. कसली ऊब, कसला तो पावडरीचा वास. मुठी मिटून झोपलीय, मधनंच ओठ हलवते. माझी मांडी म्हणजे जन्माचा पाळणा, तिच्यावर क्रांती वाढली, आता क्रांतीची लेक.

सम्राटरावांचं मात्र काय बिनसलं होतं कळंना. राजारामपुरी ते आमचं कसबा बावडा, पंधरा मिनिटांची वाट, पण गाडी अशी चालवली की मागं पाचपन्नास जण हॉर्न मारायला लागले. एक पोरगा मोटारसायकल शेजारी आणून म्हणाला, "पावणं, उतरून ढकलू काय?" सम्राटरावांच्या कपाळावर फेब्रुवारीत घाम. सारखं आरशातनं मागं बघणं. एकदा म्हणाले, "ते सीट परवा येणार व्हतं, अजून आलं न्हाय." कसलं सीट, मी विचारलं न्हाय. एवढ्या आनंदाच्या दिवशी तोंड का पाडायचं?

६ मार्च, गुरुवार

ते सीट आलं. म्हणजे काय, तर प्लॅस्टिकची टोपली, आत गादी, आडवेतिडवे पट्टे. ती मागच्या सीटवर गाडीच्या पट्ट्यानं आवळून बांधायची, बाळीला तिच्यात घालायचं, तिचं तोंड मागं, पाठ पुढं, आणि वरनं दोन पट्टे. टोपली बांधली की सम्राटराव तिला दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघतात. एकदा न्हाय, दरवेळी.

बाळीचं बारसं येत्या रविवारी हाय. खरं तर बारसं माहेरी व्हायचं, पण सम्राटरावांची आजी अंथरुणाला खिळलीय. "डोळे मिटायच्या आत पणतीचं नाव ऐकवा," एवढंच म्हणते. मग मी बी म्हणलं, माहेरचं सगळं घेऊन आम्हीच कबनूरला येतो. जिथं म्हातारी तिथं पाळणा.

म्हणजे आता सगळी वाट बाळी त्या टोपलीत. माझं डोकं तडकलं. जावयाला बोलता येत न्हाय, मग लेकीला बोलले, मोठ्यानं, ते बाहेर गाडी पुसत होते त्यांना ऐकू जाईल असं. लेकी बोले सुने लागे म्हणतात, आमच्यात लेकी बोले जावया लागे.

"का गं क्रांते, माझी मांडी झिजली काय? मुसक्या बांधायला ते लेकरू हाय का चोर? तुला मी मांडीवरनं वाढवलं, एस.टी.तनं, टेंपोतनं, बैलगाडीतनं. पडलीस काय कधी?"

क्रांती म्हणाली, "आई, हळू की गं."

बाहेर पुसायचा आवाज थांबला. जरा वेळानं परत सुरू झाला. संध्याकाळी ते ह्यांना म्हणाले, मी ऐकलं, "मामा, मामींना वाईट वाटलं तर मला चालंल. पण टोपली ऱ्हाणार." हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मी रात्री ह्यांना भाकरी वाढताना थाळी जरा जोरातच ठेवली.

८ मार्च, शनिवार

उद्याची तयारी. पाळण्याचे दांडे, बाळंतविडा, कुंची, दुपटी, लाडवांचे डबे, घुगऱ्या, पाच नारळ. आणि वरवंटा.

वरवंट्याशिवाय बारसं कसलं? बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालायची, बाळ म्हणून पाळण्याखालनं आणि वरनं फिरवायचं, मग खरं बाळ पाळण्यात. विहीणबाईंच्याकडं सगळं मिक्सरवर. आमचा वरवंटा माझ्या सासूचा. मालकांचं नाव त्याच्यावर ठेवलं, क्रांतीचं ठेवलं. आज चिंच लावून घासला, कुंची घातली, काजळाचं बोट लावलं. उचलून बघितला तर बाळीएवढाच भरला. मालक म्हणाले, "नाक तेवढं नकटं हाय." मी हसले.

सम्राटराव सामान लावायला आले. त्यांची सामान लावायची रीत बघावी. जड ते खाली, मागच्या सीटला टेकवून. हलकं वर. डब्यांच्या फटीत दुपटी. नारळ पिशवीत घालून पिशवीचं तोंड आवळून कोपऱ्यात. सगळ्यावरनं जाळी, जाळीचे आकडे डिकीतल्या कड्यांत. सीटच्या पाठीपेक्षा वर काय जाऊ देत न्हाईत. काचेपाशी मागं फळी हाय, रुंद, छान. मी वरवंट्याचं बाळ तिथं ठेवायला गेले, म्हणलं निजू दे हितं, सगळ्यांना दिसंल.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मामी, तिथं दगूड? ब्रेक लागला तर टाळक्यात बसंल कुणाच्या तरी."

"दगूड म्हणू नका, बाळ हाय ते."

मग त्यांनी डिकीतलं सगळं काढलं. परत! तळाशी गोधडीची घडी घातली, वरवंट्याला तिथं जागा केली, "हितं निजवा," म्हणाले. चपलांची पिशवी डिकीतनं काढून पुढं मालकांच्या सीटखाली खोचली, मला वाईट वाटू नये म्हणून असंल. पण डिकी ती डिकी! बाळाचं रूप दिलेलं, काजळ लावलेलं, ते डब्यांच्या खाली कोंबायचं? अपशकून न्हाय काय? मी उचलून छातीशी धरलं आणि म्हणलं, यावेळी तोंडावरच म्हणलं, "तुमच्या लेकीला तुम्ही बांधा. माझं हे बाळ मी मांडीवर घेणार. ह्याला तरी कुणी हात लावायचा न्हाय."

मालक म्हणाले, "जाऊ दे सम्राट, धरल ती घट्ट." सम्राटराव "मामा, घट्ट म्हंजे..." एवढंच म्हणाले आणि परत सामान लावायला लागले. जिंकले एकदाची.

९ मार्च, रविवार

बारसं झालं. सगळे सुखरूप हाय. सगळे सुखरूप हाय.

आज हातच चालंना. उद्या लिहीन.

१० मार्च, सोमवार, कबनूर

दुपार हाय. विहीणबाई धोंडुबाई शेजारी पडल्यात, बाहेर मागांचा खडखडाट. त्या खडखडाटात बाळी कशी गाढ झोपलीय बघा. रक्त कबनूरचं.

कालचं लिहिते.

सकाळी निघालो. सम्राटराव चालवायला, मालक पुढं त्यांच्या शेजारी. मागं डावीकडं टोपलीत बाळी, उजवीकडं क्रांती, मधी मी. मला बी त्यांनी पट्टा लावायला लावला. मांडीवर कुंची घातलेलं वरवंट्याचं बाळ. मी त्याला दोन्ही हातांनी कवळा घालून धरलं होतं, मुद्दाम, त्यांना आरशात दिसंल असं. मधनंमधनं थोपटत बी होते. क्रांतीनं मला चिमटा काढला.

हेरलं गेलं, चोकाक गेलं. रस्ता मोकळा, गाडी चांगल्या वेगात. पुढं एक पावणं मोटारसायकलवर वैरणीचा भारा घेऊन चाललेलं, मागं आडवा, नुसत्या दोरीवर. त्या भाऱ्याची दोरी तुटली. भारा रस्त्यात पडला, पावणं घाबरून तिथंच वाकडं झालं, भाऱ्याबरोबर आडवंच पडलं.

सम्राटरावांनी ब्रेक मारला. एवढंच मला आठवतं की मी वरवंट्याला आवळलं. होता नव्हता तेवढा जोर लावून आवळलं. ह्या हातांनी मी जन्मभर पाटा वाटलाय, दुधाच्या घागरी उचलल्यात, माझी पकड सुटत न्हाय. आणि तो गेला. कुणी हिसकावून घ्यावा तसा माझ्या कवळ्यातनं गेला. दोन सीटांच्या मधनं, मालकांच्या कोपराला घासून, समोरच्या गाणी लावायच्या पडद्यावर. काच फुटल्याचा आवाज.

गाडी थांबलती. पडलेला पावणा पुढच्या चाकापासनं हाताच्या अंतरावर उठून बसला, वैरण झटकत. त्याला काय झालं न्हाय. मालकांचं कोपर खरचटलं. क्रांतीला काय न्हाय. मला पट्ट्यानं पोटाला रट्टा बसला तेवढाच.

आणि बाळी. टोपली जिथं होती तिथंच. बाळी जागी झाली, ओठ वाकडा केला, माझ्याकडं बघितलं आणि परत झोपली.

मी माझ्या हातांकडं बघितलं. दोन्ही हात अजून तसेच, कवळा घातलेले, आत काय न्हाय. समोर फुटलेल्या काचेत कुंची घातलेलं बाळ तोंडघशी पडलेलं. त्याचं वजन मी आदल्या दिवशी उचलून बघितलेलं. बाळीएवढंच.

मग मला कळलं. इतकं साधं, आणि मला आत्ता कळलं. माझ्या मनासारखं झालं असतं तर त्या कवळ्यात बाळी असती. मी तिला सोडलं नसतं, जीव गेला तरी सोडलं नसतं, आणि तरी ती गेली असती.

मी ओरडले की काय केलं ते आठवत न्हाय. क्रांती म्हणते, मी टोपलीला मिठी मारून "बांधलंय, बांधलंय" एवढंच म्हणत होते.

सम्राटरावांनी आधी मागं वळून बाळीच्या छातीवर हात ठेवला. मग क्रांतीला विचारलं, मला विचारलं, मालकांचं कोपर बघितलं. उतरून पावण्याला हात देऊन उठवलं, वैरण कडेला ओढू लागले. मग गाडीच्या मागं गेले. बराच वेळ तिथंच, डिकीला टेकून, पाठमोरे, हात तोंडावर. मला वाटलं सामान बघत असतील. पण डिकी काय त्यांनी उघडलीच न्हवती. मालक उतरून त्यांच्यापाशी गेले, खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

नंतर मीच डिकी उघडून बघितली. दांडे, डबे, नारळ, गोधडीची घडी, सगळं जाग्यावर. लाडू बी फुटला न्हाय. सगळ्या गाडीत सुटलं ते एकच, माझ्या हातातलं.

वरवंटा मी स्वतः त्या गोधडीत निजवला आणि जाळी ओढली. कडी मला लागंना. त्यांनी लावून दिली. "फुटलं काय मामी?" त्यांनी विचारलं. वरवंट्याबद्दल विचारत होते! आपल्या नव्या गाडीचा पडदा फुटलेला, आणि ते माझ्या सासूच्या दगडाची चौकशी करत होते.

हितं पोचल्यावर बारसं. पाळणा सजवला, बायका जमल्या, आजींची खाट सरकवून जवळ आणली. विहीणबाईंनी वरवंटा माझ्या हातात दिला, "माहेरचा पहिला मान." आता पलीकडच्या बाईकडं द्यायचा, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. त्या वजनानं माझे हात परत तसेच आवळले. बायका म्हणायला लागल्या, अवो म्हणा की.

मी म्हणलं, "जावईबापूंना बोलवा."

धोंडुबाई म्हणाल्या, "आँ? बाप्याचं काय काम हितं? ही बायकांची रीत."

"असू दे विहीणबाई. रीत मी बी मानते, तुमच्यापेक्षा जरा जास्तच मानते. आज एकदा मोडू दे."

सम्राटराव दारात उभे होते, आत यायला लाजत होते. शेवटी पाळण्यापलीकडं येऊन बसले तशा बायका खुदखुदायला लागल्या. मी पाळण्याखालनं वरवंट्याचं बाळ त्यांच्यापुढं धरलं आणि सगळ्यांदेखत म्हणलं, "घ्या. माझ्या हातनं हे आज सुटलं. तुम्ही बांधली न्हसती तर खरं लेकरू सुटलं असतं. मी तुमच्यावर लई चिडले, पाठीमागं लई बोलले, तुम्ही एका शब्दानं उलट बोलला न्हाय. माझ्या नातीचा जीव तुमच्यामुळं हाय. तुमच्या आईनं तुम्हाला जन्म दिला ते आमचं भाग्य."

कुणी हसलं न्हाय मग. धोंडुबाईंनी पदर डोळ्याला लावला. सम्राटरावांनी वरवंटा घेतला, दोन्ही हातांनी छातीशी धरला, म्हणाले, "मामी, मला बी वाटलं न्हवतं यवढ्या जोरात जाईल म्हणून. मी नुस्तं भ्यालो व्हतो. पेटीत बघितल्यापासनं भीतीच बसलीया, जाईना झालीया."

खाटेवरनं आजी म्हणाल्या, "अरं बापू, रडतोयास काय आता? दगूड दे हिकडं आणि पोरगी घाल पाळण्यात, माझा जीव अडकलाय!" तेव्हा मात्र सगळे हसले.

आत्यानं कानात नाव सांगितलं, सगळ्यांनी कुर्रर्र केलं. तेजस्वी. पेटीतनं वाचली, रस्त्यावर वाचली, नाव शोभतंय. आजींनी नाव तीनदा म्हणून घेतलं. मग म्हणाल्या, आता मिटले तरी चालतील डोळे, पण आधी घुगऱ्या द्या. दोन वाट्या खाल्ल्या.

पडद्याचं मी विचारलं. सम्राटराव म्हणाले, "ऱ्हाऊ दे तसाच वर्षभर मामी, गाणी ऐकाया वेळ कुठं हाय?"

१२ मार्च, बुधवार, कसबा बावडा

आज लेकीला आणि बाळीला घेऊन परत आलो. सामान मी लावलं. जड खाली, हलकं वर, फटीत दुपटी. जाळीची कडी आता जमते. मालकांच्या बाटलीला दाराचा खण मीच दाखवला. ते म्हणाले, "जावई एक व्हता, आता दोन झाले."

तेजस्वीचा पट्टा लावायला मी सम्राटरावांकडनं शिकले. आधी खांद्यावरचे, मग मधली कडी, मग ओढायचं, बोट सैल जायला नको. लावून झाल्यावर मी म्हणलं, "आता हलवून बघा की." त्यांनी टोपली गदागदा हलवली. मी बी हलवली. बसलती घट्ट.

सगळी वाट मी तिच्याशेजारी बसून आले. हात पदरात. मांडी रिकामी. खोटं कशाला लिहू, हातांना सवय न्हाय, सारखे तिकडं जात होते. चोकाकला रस्त्यावर थोडी वैरण अजून पडलीय. मी मनात त्या पावण्याच्या दोरीला हात जोडले. ती एक दिवस आधी तुटली असती तर मी वरवंटा घेऊन गाडीत नसते, आणि तुटलीच नसती तर मी आज बी भांडत असते.

घरी पोचलो. मी आधी उतरले, पाय धुतले, आत जाऊन भिंतीला पाठ लावून खाली बसले आणि ऐसपैस मांडी घातली. सम्राटरावांनी एकेक पट्टा सोडला, तेजस्वीला उचलून आत आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"घ्या मामी," म्हणाले. "आता किती बी येळ."

संध्याकाळपतोर मी उठले न्हाय. भाकरी मालकांनी थापल्या, जावयानं भाजल्या, आणि दोघांनी मिळून करपवल्या.